जुना रंधा घेताना: व्हाइट मेटल की बॉल बेअरिंग?

बंद पडलेल्या वखारीत किंवा भंगाराच्या शेडमध्ये बिडाचा जुना रंधा, म्हणजे फळी सरकवून सपाट करायचं मशीन, दिसला की आपण आधी टेबलाची लांबी बघतो, मग कुठे तडा गेलाय का ते. कटर ब्लॉकचा, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्याचा, शाफ्ट कशावर फिरतोय, हे बघायचं राहून जातं. माझ्याकडे दोन्ही प्रकार होऊन गेले. पहिला व्हाइट मेटलचा, म्हणजे शाफ्टभोवती मऊ धातू ओतून केलेल्या बेअरिंगचा, तो चार वर्षं वापरला. आता आहे तो बॉल बेअरिंगचा. दोन्ही गंजलेल्या अवस्थेत आणले, दोन्ही स्वतः उभे केले.

व्हाइट मेटलची बाजू आधी मांडतो, कारण ‘जुनाट’ म्हणून लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये काढलेला हा धातू जागेवरच ओतायचा असतो, म्हणून बेअरिंग गेलं तरी मशीन जात नाही. चांगल्या प्रतीत शंभरात ८९ भाग कथील, साडेसात अँटिमनी आणि साडेतीन तांबं असतं. शिशाचा स्वस्त प्रकारही त्याच नावाने मिळतो, तेव्हा घेताना विचारून घ्या.

ओतायची रीत अशी: शाफ्ट नेमका मध्ये धरायचा, त्याला धुराची काजळी द्यायची म्हणजे धातू चिकटत नाही, दोन्ही तोंडं मातीने बंद करायची, घर (ज्या खोबणीत धातू ओततो ती) आणि शाफ्ट चांगले गरम करायचे आणि न थांबता एका दमात ओतायचं. घरात थोडाही ओलावा राहिला तर वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडतो. याबाबतीत घाई करू नका, हे मी हात जोडून सांगतो. धातू तयार झाला की नाही हे पाइनच्या काडीवर कळतं: बुडवली की काळी पडली पाहिजे, पण पेटता कामा नये. पुढे निळा रंग लावून, शाफ्ट फिरवून, जिथे टेकतोय तिथे स्क्रेपर मारायचा. मला तीन रविवार लागले. पण जेव्हा तो फिरला, तेव्हा फक्त पट्ट्याचा आवाज येत होता. तशी शांतता मला नंतर मिळाली नाही. झीज झाली की वरच्या कॅपखालची एक पातळ पॅकिंग काढायची, कॅप आवळायची, झालं.

मग सोडला का? तेलामुळे.

व्हाइट मेटलला तेल सतत लागतं, आणि आत गेलेलं तेल कुठून तरी बाहेर येणारच. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारा शाफ्ट ते दोन्ही टोकांनी बारीक उडवतो. त्यात भुसा मिसळला की टेबलाच्या कडेला काळा चिखल होतो, आणि फळीची कड त्यावरून जाते. सागावर तो डाग लगेच दिसत नाही, हाच त्रास. एका झोपाळ्याच्या फळीला पॉलिश देऊन झालं, आणि तिसऱ्या दिवशी कडेला रुपयाएवढे निस्तेज गोल उमटले. अख्खी फळी खरवडून पुन्हा केली. नंतर फेल्टच्या चकत्या लावल्या, तेलाचे थेंब कमी केले, तर बेअरिंग तापलं. जाड तेल घातलं, तर उन्हाळ्यात चाललं आणि थंडीत सकाळी शाफ्ट जड फिरू लागला. दर कामाआधी कड पुसायची सवय लावून घेतली, आणि एखाद्या दिवशी विसरायचो. कदाचित माझ्या शाफ्टची तोंडंच फार झिजली असतील. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

बॉल बेअरिंगबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि तेच मला आवडतं. जुनं काढा, नंबर वाचा. ६२०६ असेल तर आतलं भोक ३० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६२. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. बेअरिंग ओढून काढायचा पुलर नेहमी आतल्या रिंगला लावा. अडचण येते ती जुन्या इंग्लिश मशीनला. तिथे माप इंचात असतं, ‘एलजे १’ म्हणजे एक इंचाचं भोक, आणि असं बेअरिंग मागवून घ्यावं लागतं. ‘शाफ्ट लेथवर थोडा बारीक करून मिलिमीटरचं बसवतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. अजून एक बघा: बेअरिंगखाली शाफ्टवर पंचचे टोचे दिसले, तर आधीच्या मालकाने ढिलं झालेलं बेअरिंग तसंच घट्ट केलंय. मग शाफ्टला धातू भरून पुन्हा लेथवर घ्यावं लागेल, आणि तो खर्च भाव ठरवताना धरा.

ज्याला ओतकाम शिकायचंय, जो पॉलिशचं काम फारसं करत नाही, त्याने व्हाइट मेटलचा रंधा जरूर घ्यावा, त्याला तो स्वस्तही पडेल. रोज सागाचं फर्निचर करून गिऱ्हाइकाला द्यायचं असेल, तर मी बॉल बेअरिंगकडेच बोट दाखवीन.

फक्त ब्लॉक चौकोनी असेल तर बेअरिंग कसलंही असो, घेऊ नका. चौकोनी ब्लॉकच्या आणि टेबलाच्या मधल्या मोठ्या फटीत बोटं खेचली जातात. इंग्लंडमध्ये हाताने फळी सरकवायच्या रंध्यावर गोल ब्लॉकची सक्ती १९२२ मध्येच झाली. आपल्याकडच्या भंगारात चौकोनी अजून निघतात. पट्टा उतरवा, हाताने ब्लॉक फिरवून बघा, आणि चौकोनी निघाला तर कितीही स्वस्त मिळाला तरी तिथेच सोडा.