हँडलवाला आइस्क्रीम पॉट, ५ लिटर : घ्यावा का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी अमळनेरला जायचं होतं आणि दरवर्षी तेच मिठाईचं पाकीट न्यायचा कंटाळा आलेला, म्हणून यंदा धुळ्यातल्या एका भांड्याच्या दुकानातून हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट उचलला. लाकडी बादली, आत स्टीलचा डबा, त्यात लाकडी पाती, वर दात्यांचं चाक आणि हँडल, ३४०० रुपये. मोटरवाला पण होता पण तो जवळपास दुप्पट, आणि दुपारी लाइट असेलच याची गॅरंटी कोण देणार. आजीने किंमत ऐकली नि एवढंच म्हणाली, "इतला पैसा कसाले घाल्या बेटा?"

पहिल्या दिवशी तिचंच खरं झालं. संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले, बादलीत बर्फ-मीठ ठासलं, हँडल फिरवायला घेतलं आणि दहा मिनिटांत बादलीच्या प्रत्येक फटीतून खारं पाणी गळायला लागलं, ते थेट वहिनीने सकाळी वाळत घातलेल्या बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) कापडापर्यंत. वहिनी काहीच बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. दुकानात फोन केला तर म्हणे लाकूड आहे ताई, होतंच तसं. शेवटी शेजारच्या काकांनी सांगितलं की कोरडी बादली आधी रात्रभर पाण्याने भरून ठेवायची, फळ्या फुगतात नि फटी बुजतात. दुसऱ्या दिवशी एक थेंब नाही! एवढं एक वाक्य विकतानाच सांगितलं असतं तर मी स्टार कापला नसता.

आता कामाचं. फ्रिजमधल्या ट्रेच्या बर्फाने भागत नाही, कारखान्यातून लादी आणावी लागते, बारदानात गुंडाळून, कारण मेमध्ये आमच्याकडे ४४-४५ डिग्रीला ती घरी येईपर्यंत अर्धी होते. ५ लिटरच्या पॉटला मला साधारण १० किलो बर्फ आणि अडीच किलो खडेमीठ लागलं, बारीक मीठ नको, ते लगेच विरघळून खाली बसतं. लादीचा हा बर्फ खायचा नसतो बरं का, न खाण्याचा बर्फ निळसर करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तेव्हा डब्याचं झाकण घट्ट लावा आणि बादलीच्या बाजूचं भोक मोकळं ठेवा, नाहीतर खारं पाणी चढून झाकणातून आत जातं. आमच्या दुसऱ्या घाण्याला ते झालं, खारट आइस्क्रीम कुत्र्याने पण हुंगून सोडलं.

दूध म्हशीचं, आटवून पूर्ण गार केलेलं, त्यात गावरान आंब्याचा रस. डबा पाऊण पण भरू नका, फिरवताना दुधात हवा शिरून ते फुगतं. पाती डब्याच्या कडेला जमलेलं खरवडत राहते म्हणून बर्फाचे खडे होत नाहीत, फ्रिजरमध्ये लावलेल्याला ही मजा नाही. पंधरा मिनिटं काहीच होत नाही, माणूस वैतागतो, आणि मग हँडल एकदम जड व्हायला लागतं. शेवटी भाच्याला पॉटवर गोणपाट टाकून बसवलं, दादा फिरवत होता, आम्ही सगळे हसून राहिलो होतो. मग पाणी काढून परत बर्फ-मीठ भरायचं आणि तासभर झाकून मुरू द्यायचं, हा तासच सगळ्यात कठीण.

पहिला चमचा आजीला. दात नाहीत, तोंडात धरून बसली, डोळे मिटलेले, आणि वाटी पुढे केली. पैशाचा विषय परत निघाला नाही.

मेच्या शेवटी पॉट घेऊन सुरतेतल्या उधन्याला मावशीकडे गेलो. आमच्या निम्म्या खान्देशाचं कोणी ना कोणी सुरतेत असतंच, आणि आम्हाला जवळचा समुद्र म्हणजे डुमसच, ताप्ती लाइनची गाडी, नंदुरबार, मग नवापूरचं ते अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत असलेलं स्टेशन. पॉट सीटखाली, त्यात मावशीसाठी कुरडया. डुमसची वाळू काळी, पाणी मातकट, कोकण बघितलेल्यांनी नाक मुरडावं असंच, पण संध्याकाळचा वारा आणि गरम टोमॅटोची भजी यापुढे मला काही नको. तापी तिथेच जवळ समुद्राला मिळते हे सांगितल्यावर आजी, "आपली तापी आठे येस?" म्हणत कितीतरी वेळ पाण्याकडे बघत उभी, पदर भिजला तरी हलेना.

भाच्याने तिथे डोकं चालवलं, आत्या मीठ कशाला विकत घ्यायचं, समुद्राचंच पाणी ओतू बादलीत. बाटली भरून आणलीसुद्धा पठ्ठ्याने. नाही जमत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम, त्याने गोठणबिंदू जेमतेम २ डिग्री खाली येतो आणि साखरेचं दूध घट्ट गोठवायला तेवढं पुरत नाही. खडेमीठ भरपूर पडलं की बर्फ-पाणी शून्याखाली १५ डिग्रीच्या आसपास जाऊ शकतं, ते हवं. बाटली त्याने तरी जपून ठेवलीय.

बाकी तक्रारी : हँडलचा नट गंजला, खाऱ्या पाण्याने तो गंजणारच, वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवून खोबरेल लावा. पाती लाकडी आहे ते बरंच, पण तिच्या एका टोकाला चीर गेलीय. दोघातिघांचं घर असेल तर घेऊ नका, एवढा खटाटोप परवडत नाही. घरात दहा माणसं आणि फिरवायला एक मोठा दादा असेल तर डोळे झाकून घ्या. ५ पैकी ४.

माझा पॉट सध्या उधन्यातच आहे. परत मागितला की मावशी म्हणते, पाऊस पडू दे आधी.