पिन-लॉकचा पाय, आठ महिन्यांनंतर: चालणं सोडून बाकी सगळं

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय, आत कातडीवर चढवायचा सिलिकॉनचा लायनर, त्याच्या टोकाला पायातल्या लॉकमध्ये अडकणारी पिन, कार्बनचं पाऊल. चालण्याबाबत तक्रार नाही. पण विशी-पंचविशीत पाय गेलेल्याला खरं विचारायचं असतं ते वेगळंच: मित्रांबरोबर पाच-सहा तास काढता येतात का? येतात, खिशात जादा मोजे असतील तर.

दिवसभरात स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक होतो. सकाळी लॉकमध्ये चार टिकटिक वाजल्यावर बसणारी पिन संध्याकाळी सात-आठ टिकांपर्यंत खाली जाते, म्हणजे स्टंप सॉकेटच्या (तो बसतो त्या कडक पेल्याच्या) तळाला टेकायला लागला. मग टोक दुखतं, गुडघ्याच्या वाटीखाली काठ रुततो. तेव्हाच बाजूला जाऊन लायनरवर एक-प्लायचा (पातळ) मोजा चढवायचा, नाही पुरला तर तीन-प्लायचा (जाड). मोज्याच्या टोकाचं भोक पिनेभोवती नीट बसवा. कापड लॉकमध्ये अडकलं तर बटण दाबूनही पाय निघत नाही, आणि ही फजिती नेमकी गर्दीत होते.

नाचताना गिरकी चांगल्या पायावरच घ्या. कृत्रिम पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि सगळा पीळ कातडीवर येतो. उड्यांमध्ये पाय हवेत असताना त्याचं वजन पिनेवर लटकतं, लायनरचं टोक खाली ओढलं जातं. दोन-तीन गाण्यांनंतर टोक ठणकतं ते यामुळे. पिन-लॉकचा हा दोष मोज्यांनी जात नाही. नाच हाच छंद असेल तर पिनेऐवजी हवा ओढून पाय धरून ठेवणाऱ्या व्हॅक्यूमच्या सॉकेटबद्दल आधीच विचारा.

बूट बदलताना टाचेची उंची तीच ठेवा. टाच वाढली की गुडघा पुढे ढकलला जातो, कमी झाली की मागे. समारंभाचा जोड घेऊनच अलाइनमेंटला (पायाचा कोन जुळवून घ्यायला) गेलेलं बरं.

सिनेमाला कडेची खुर्ची, कृत्रिम पाय मोकळ्या वाटेकडे. गुडघा तासभर वाकलेला राहिला तर सॉकेटचा मागचा काठ मांडीच्या शिरांना टोचतो.

पोहायला हा पाय नाही. काठापर्यंत कुबड्या, आणि त्यांचे रबर ओल्या फरशीवर घसरतात, म्हणून आधी पुसून घ्या. बाहेर आल्यावर स्टंप पूर्ण कोरडा झाल्याशिवाय लायनर चढवायचा नाही. टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे फोड ठरलेला.

लोक विचारतातच. एक वाक्याचं उत्तर तयार ठेवा, पुढचं सांगायचं की नाही ते तुमच्या हातात. अनोळखी माणसाला अपघाताची हकीकत सांगणं कुणी बंधनकारक केलेलं नाही.

मित्राकडे मुक्काम असेल तर कुबड्या पलंगाला टेकून, हाताशी. अर्धवट झोपेत पाय आहेच असं समजून उठणारे पडतात. झोपण्याआधी लायनर सौम्य साबणाने धुऊन वाळत टाका, आणि स्टंपवरची लाली बघा: वीसेक मिनिटांत उतरली नाही तर दुसऱ्या दिवशीचा बेत कुबड्यांवर.