ऑन्डनसेट्रॉन एमडी : पहिल्या दिवसाची चोख गोळी, पुढच्या चार दिवसांची नव्हे

एमिसेट, व्होमिकाइंड, ऑन्डेम, झोफर. पाकिटावर नाव कोणतंही असो, आत मळमळ-उलटी रोखणारं औषध एकच: ऑन्डनसेट्रॉन. अमेरिकेत १९९१ साली त्याला मान्यता मिळाली आणि केमोनंतर (कर्करोगावरच्या औषधोपचारानंतर) बादली धरून बसण्याचे दिवस बऱ्याच अंशी मागे पडले. आपल्याकडे ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी केंद्रातही मिळतं. तेव्हा ब्रँडसाठी चार मेडिकल पालथी घालू नका. पट्टीवरचं औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत तेवढी वाचून घ्या.

एमडी म्हणजे तोंडात विरघळणारी गोळी. जिभेवर ठेवली की काही सेकंदांत विरते, पाणी लागत नाही. तोंड आलेल्या रुग्णाला हा मोठा दिलासा. गोळी ठिसूळ असते, म्हणून हात कोरडे हवेत आणि पट्टीतून काढली की लगेच तोंडात. तोंडाला कोरड असेल तर आधी घोटभर पाण्यानं जीभ ओली करावी. बऱ्याच एमडी गोळ्यांत गोडव्यासाठी अ‍ॅस्पार्टेम असतं. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात चयापचयाचा विकार असलेल्यांनी ते टाळायचं, बाकीच्यांना त्याची काळजी नको.

एमडीबद्दलचा सगळ्यात घट्ट गैरसमज म्हणजे ती ‘लगेच लागू पडते’. तसं नाही. औषध जिभेतून रक्तात जात नाही. लाळेबरोबर पोटात जातं आणि आतड्यातून शोषलं जातं. म्हणजे वेळ साध्या गोळीइतकाच, साधारण अर्धा ते एक तास. उमासे सुरू झाल्यावर घाईघाईत तोंडात टाकलेली गोळी पुढच्याच उलटीत बाहेर पडते, आणि मग ‘गोळी कामाची नाही’ असा शिक्का बसतो. काहीच पोटात टिकत नसेल तर दुसरी, तिसरी गोळी देत बसण्यापेक्षा इंजेक्शनसाठी डे-केअरला (इस्पितळातल्या केमोच्या विभागाला) फोन करावा.

केमोचं औषध आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना डिवचतं, त्या सेरोटोनिन सोडतात, आणि ती वर्दी पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमधून मेंदूच्या उलटी-केंद्राला पोहोचते. ऑन्डनसेट्रॉन ही वर्दी वाटेतच अडवतं. वर्दी निघायच्या आधी पहारा बसवला तर उपयोग! म्हणून मध्यम त्रासाच्या केमोत प्रौढांना ८ मिलिग्रॅम केमोच्या अर्धा तास आधी, दुसरी गोळी पहिलीनंतर ८ तासांनी, आणि मग एक-दोन दिवस दर १२ तासांनी, असा नेहमीचा क्रम असतो. ही गोळी ‘मळमळलं तर’ घ्यायची नसते, घड्याळ लावून घ्यायची असते. लहान मुलांचा डोस वजनावर किंवा शरीराच्या आकारमानावर ठरतो. सिरपमध्ये सहसा ५ मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅम औषध असतं. घरातल्या चमच्यानं मोजू नये, बाटलीबरोबरचं माप वापरावं.

आता उणी बाजू. सिस्प्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फमाइडसारख्या केमोत त्रास दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत चालतो. त्यामागे सेरोटोनिनपेक्षा ‘सबस्टन्स पी’ या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा हात मोठा असतो, आणि तिथे आपली गोळी तोकडी पडते. डोस वाढवून उलटी आटोक्यात येत नाही, बद्धकोष्ठ मात्र हमखास वाढतं. या दिवसांसाठी ‘सबस्टन्स पी’ला अडवणारं अ‍ॅप्रेपिटंट (पहिल्या दिवशी केमोच्या तासभर आधी १२५, मग दोन दिवस ८० मिलिग्रॅम), डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि रात्री ओलान्झापिन असा संच लागतो. ओलान्झापिनचा ठरलेला डोस १० मिलिग्रॅम. पण गुंगीनं माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपूनच राहतो, ही नेहमीची तक्रार. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमचा डोस उलटी रोखण्यात कमी पडला नाही आणि गुंगीही कमी आली. चिठ्ठीत १० असेल आणि झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. गोळी मनानंच तोडू नका. डेक्सामेथासोन सकाळी, खाल्ल्यावर. संध्याकाळी घेतली तर रात्र टक्क जागी जाते. मधुमेह्यांनी त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासावी. अ‍ॅप्रेपिटंटमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, शेवटच्या कॅप्सूलनंतरही महिनाभर. हे फार थोड्या जणींना सांगितलं जातं.

सलाईनमधून पॅलोनोसेट्रॉन दिलं असेल तर ते ऑन्डनसेट्रॉनच्याच गटातलं, पण लांब पल्ल्याचं: रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ४० तास. ऑन्डनसेट्रॉनला ३ ते ६ तास पुरतात. त्याच रात्री घरी येऊन वर ऑन्डनसेट्रॉन घेण्यात सहसा काही हशील नसतं. डिस्चार्ज कार्डावर काय दिलंय ते वाचा, कळलं नाही तर नर्सला विचारा.

शस्त्रक्रियेत हेच औषध इंजेक्शनानं, बहुधा ४ मिलिग्रॅम, शस्त्रक्रिया संपता संपता देतात. बाई असणं, धूम्रपान न करणं, पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि नंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागणं: यांतलं एकही नसेल तर उलटीची शक्यता सुमारे १० टक्के, चारही असतील तर ८०. त्यामुळे ‘मला एसटी लागते’ हे भूलतज्ज्ञाला सांगणं फालतू नाही. इंजेक्शन देऊनही सहा तासांच्या आत उलटी झाली तर तेच औषध पुन्हा न देता दुसऱ्या गटातलं द्यावं लागतं. दोन गोष्टी आणखी. ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक गुण ऑन्डनसेट्रॉनमुळे कमी होऊ शकतो. आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी मंदावली असतील तर ही गोळी ते लपवू शकते: उलटी थांबलेली, पण पोट फुगतंय, वायू सरत नाही. अशा वेळी पुढची गोळी न देता डॉक्टरांना गाठावं.

खरी जोखीम हृदयाच्या ठोक्यांची. ऑन्डनसेट्रॉन ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबवतं. याच कारणानं ३२ मिलिग्रॅमचं एकदम द्यायचं इंजेक्शन २०१२ साली अमेरिकेत बाद झालं, आणि शिरेतून एका वेळी १६ मिलिग्रॅमची मर्यादा आली. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलेलं असेल तर धोका वाढतो. सिस्प्लॅटिन तर मॅग्नेशियम उतरवतंच. त्यात अ‍ॅसिडिटीच्या नावाखाली घरोघरी असलेली पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल! डोम्पेरिडोनही क्यूटी लांबवतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, एस्सिटॅलोप्रॅम यांचंही तेच. चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून केमोच्या आधी डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. यकृत फार बिघडलेलं असेल तर दिवसभराची मर्यादा ८ मिलिग्रॅम. छातीत धडधड, भोवळ, शुद्ध हरपणं झालं तर गोळी बंद आणि थेट इस्पितळ.

रोजचा त्रास दोन प्रकारचा. बद्धकोष्ठ इतकं नेमानं होतं की पहिल्या दिवसापासूनच लॅक्ट्युलोजसारखं पोट साफ करणारं औषध विचारून ठेवावं, व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध चालू असेल तर नक्कीच. दुसरी डोकेदुखी. पॅरासिटामॉल चालतं, पण केमोच्या रुग्णानं आधी थर्मामीटर लावायचा: पॅरासिटामॉलनं ताप दबतो, आणि १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप असेल तर रात्री दोन वाजताही इस्पितळात जायचं असतं.

या गोळीला पहिल्या दिवसासाठी पाचपैकी साडेचार गुण. दुसऱ्या दिवसापासून, एकटीच असेल तर, दोन.