टेट्रांसाठी दुकान उत्तम, ‘पिरान्हा’च्या पाटीवर मात्र विश्वास नको

शोभिवंत माशांच्या बहुतेक दुकानांत टेट्रा (टाकीत पाळल्या जाणाऱ्या छोट्या माशांचा एक गट) म्हटले की त्यातल्या निऑन जातीची एक टाकी दाखवून विषय संपतो. ठाण्यातील या दुकानाने मात्र आतली अख्खी भिंत टेट्रा आणि त्यांच्या भाऊबंदांना दिली आहे. आफ्रिका आणि उष्णकटिबंधीय अमेरिकेत मिळून दोन हजारांहून अधिक जाती असलेला हा गोतावळा किती नानाविध आहे, याची थोडीफार कल्पना तिथे उभ्या उभ्या येते.

निऑन आणि कार्डिनल शेजारशेजारच्या टाक्यांत ठेवले आहेत, हे फार बरे केले. निऑनचा तांबडा पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, तर कार्डिनलचा जवळपास डोक्यापासून सलग असतो. एरवी नवख्या गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटतात. कार्डिनल ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रिओ निग्रोसारख्या नद्यांच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यात त्याला सोडू नका, हे मालकांनी न विचारता सांगितले. विक्री बुडाली तरी चालेल असा हा सल्ला दुर्मीळच. खालच्या रांगेत काँगो टेट्रा आहेत. त्यांच्या पूर्ण वाढलेल्या नराच्या शेपटीच्या मधोमध पिसासारखे लांब धागे निघतात आणि अंगावरची झळाळी प्रकाशाच्या कोनानुसार निळी, सोनेरी, नारिंगी होत जाते. पेंग्विन टेट्रा डोके वर करून तिरके तरंगताना दिसले, तर ते आजारी आहेत असे समजू नये. त्यांची ठेवणच तशी आहे.

दोन गोष्टी खटकल्या. हॅचेटफिश पाण्याबाहेर झेप घेणारा मासा, तरी त्याच्या टाकीचे झाकण अर्धे उघडे होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘पिरान्हा’ अशी पाटी लावलेल्या टाकीत प्रत्यक्षात पाकूची पिल्ले होती, म्हणजे आपल्या मासळीबाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तोच मासा. लाल पोटामुळे पिल्ले पिरान्हासारखी दिसतात, पण दात पाहिले की फरक कळतो: पिरान्हाचे धारदार आणि त्रिकोणी, तर पाकूचे दाढांसारखे चपटे. शिवाय हा मासा दोन फुटांपलीकडे वाढतो, तेव्हा घरच्या टाकीसाठी तो घेऊच नये. गुलाबी-हिरवे विडो टेट्राही टाळावेत, कारण ते रंग त्या माशाचे निसर्गदत्त नाहीत.

दर थोडे चढे आहेत. तरीही नवा माल लगेच विक्रीला न काढता आधी वेगळ्या टाकीत ठेवतात, म्हणून कार्डिनलसाठी मी इथेच येईन.