शिमानो पीडी-एम५२० पेडल : साताऱ्याचा घाट, जांभा आणि लाल चिखल यात वापरून

एमटीबीला, म्हणजे माउंटन बाईकला, क्लिपलेस पेडल (बूट खटक्याने ज्यात अडकून बसतो ते) लावायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पेडलच्या किमतीत आणि वजनात अडकतात, कोणतं किती ग्रॅमनी हलकं वगैरे, आणि ज्या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं, म्हणजे बूट आणि बुटाच्या तळाला लागणारी, पेडलच्या खटक्यात अडकणारी धातूची क्लीट, त्या शेवटी उरलेल्या पैशात उरकतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. पेडल साधं एम५२० घ्या आणि वाचलेले पैसे बुटात आणि एसएच५६ नंबरच्या क्लीटमध्ये घाला. यवतेश्वरचा घाट, बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडचा रस्ता, चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या मधले कच्चे रस्ते, एवढं सगळं करायला याच्यापेक्षा महागडं पेडल लागत नाही.

शिमानोने एसपीडी नावाची पेडल-क्लीटची पद्धत १९९० ला आणली, दोन बोल्टवाली छोटी क्लीट, बुटाच्या तळव्यात आत बसणारी, त्यामुळे उतरून चालता येतं, आणि एमटीबीला चालायची वेळ येतेच. एम५२० त्याच पद्धतीचं. दोन्ही बाजूंना खटका आहे, जोडीचं वजन ३८० ग्रॅमच्या आसपास, दिसायला काही खास नाही पण दणकट आहे. दगडावर आपटून कडा घासल्या, रंग गेला, तरी खटका पहिल्यासारखाच खणखणीत लागतो. दोन्ही बाजूंनी पाय अडकतो याचा चढाला फार उपयोग होतो, समर्थ मंदिराकडून वर निघालात आणि मध्येच थांबावं लागलं, तर परत निघताना खाली बघून पेडल सरळ करत बसायला वेळच नसतो.

आता क्लीट. एम५२० च्या बॉक्समध्ये एसएच५१ येते, काळ्या रंगाची, ती टाच बाजूला फिरवली तरच सुटते. एसएच५६ वेगळी विकत घ्यावी लागते, ती टाच फिरवून तर सुटतेच, शिवाय घाबरून पाय तिरका वर खेचला तरी सुटते. नवीन माणूस पडायला लागला की टाच फिरवायचं त्याच्या डोक्यात येतच नाही, तो पाय वरच ओढतो, म्हणून सुरुवातीला एसएच५६ च लावा. जोर लावून उभं राहून मारताना कधीतरी ती नको तेव्हा सुटते हे खरंय, पण ते परवडलं, पोवई नाक्यावर मागे वडापची जीप उभी असताना पाय अडकून आडवं होणं नाही परवडत. सवय अंगात मुरली की मग एसएच५१ वर या.

दुसरं म्हणजे स्प्रिंगचा ताण. पेडलच्या टोकाला ३ मिमी ॲलन की चा बारका स्क्रू आहे, फिरवला की टिकटिक लागते. दोन पेडल, दोन-दोन बाजू, म्हणजे चार स्क्रू होतात, चारही अगदी सैल करा आणि सैल टोकापासून टिकटिक मोजून सगळीकडे सारखं ठेवा. एक बाजू घट्ट एक सैल राहिली तर पायाला अंदाजच येत नाही, आणि कंपनीतून आलेलं सेटिंग आपल्यालाच चालेल असं धरून चालू नका.

बूट घेताना तळवा उलटा करून बघा, दोन बोल्टची खाच पाहिजे, तीन बोल्टवाले रोडबाईकचे असतात ते याला लागत नाहीत. तळवा कडक हवा पण पुढच्या बाजूला थोडा वाकणारा, खाली रबराचे खोल दाते, आणि नाडीपेक्षा वेल्क्रो किंवा डायल बरी कारण नाडी चेनमध्ये जाते. यवतेश्वराच्या देवळात जायचं तर पटकन निघतातही. फरशीवर मात्र जपून चाला, क्लीट टेकली की घसरते.

क्लीट बसवताना घाई करू नका. पायाच्या अंगठ्यामागचा जो फुगीर भाग आहे तो पेडलच्या दांड्यावर यावा, किंवा दांडा त्याच्या किंचित मागे टाचेकडे राहिला तरी चालतो, उतारावर उभं राहून चालवताना मला तेच स्थिर वाटतं. एसएच५१ ला साधारण ४ अंशाची हालचाल मोकळी असते, म्हणजे टाच थोडी इकडेतिकडे होते आणि गुडघ्याला आराम मिळतो, पण क्लीट मुळातच तिरकी लागली असेल तर ती मोकळीक पुरत नाही. चालताना तुमचा पाय नैसर्गिक जसा पडतो, कुणाचा बाहेर वळलेला कुणाचा सरळ, तसाच कोन ठेवा. गुडघा दुखायला लागला तर सहन करत दामटू नका, थांबा आणि क्लीट अगदी थोडी फिरवून बघा.

आणि बोल्ट. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून नीट सांगतो. क्लीटचे बोल्ट ४ मिमी ॲलन कीचे, ५ ते ६ न्यूटन मीटर एवढे आवळायचे, आवळताना आट्यांना ग्रीस लावा. बोल्ट ढिला झाला किंवा एखादा पडला तर बूट फिरतो पण क्लीट जागेवरच राहते, आणि पाय सुटतच नाही. असं कुणाला झालं तर झटापट करू नका, भिंतीला नाहीतर सोबतच्या माणसाला धरा, बुटाचा पट्टा सोडा आणि पाय बुटातून बाहेर काढा, बूट पेडललाच लटकू दे. नवीन क्लीट लावल्यावर पहिल्या राइडनंतर बोल्ट परत आवळून बघायचेच.

आता आपल्याकडची खरी अडचण, पावसाळा. आपली जांभ्याची लाल माती ओली असताना बुटाच्या त्या खाचेत बसते आणि वर बारीक खडे दाबले जाऊन घट्ट थर होतो, मग तुम्ही कितीही पाय आपटा खटका लागत नाही, नुसता गुळगुळीत घसरतो. अशा वेळी क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीला लागतं तिच्या, कडेवर बूट दोनदा ठोका, नाहीच तर काडीने क्लीटच्या पुढची माती उकरा, पुढचं टोक मोकळं झालं की पाय बसतो. बोल्टच्या डोक्यातही तीच माती भरते आणि वाळून दगडासारखी होते, ॲलन की आत जातच नाही, आणि जोर केला की खाच गोल होऊन बोल्ट कायमचा बसला. त्यावर उपाय सोपा आहे, क्लीट बसवून झाली की मेणबत्तीचं मेण त्या डोक्यात ओता, काढायच्या वेळी दाभणाने टोकरलं की स्वच्छ निघतं.

चिखलात एम५२० काही सर्वात भारी नाही हे मान्य करतो. क्रँकब्रदर्सचं एगबीटर चारही बाजूंनी पाय घेतं आणि त्यात माती साठायला जागाच कमी. पण त्याला स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायची सोय नाही, डावी-उजवी क्लीट अदलाबदल करून सुटायचा कोन १५ किंवा २० अंश एवढंच बदलता येतं, आणि क्लीट पितळेची असल्यामुळे आपल्या खडकावर चालून लवकर झिजते. वर्षातले चार महिने चिखल आणि बाकी आठ महिने धूळ असेल तर मला एम५२० च बरं वाटतं.

तीच सायकल घेऊन राजवाड्याला भाजी आणायला जाणार असाल तर मात्र एम५२० घेऊ नका. पेडल छोटं आहे, चप्पल घालून पाय सरकतो. तुमच्यासाठी पीडी-ईएच५००, एका बाजूला सपाट पिना आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी, फक्त निघताना हवी ती बाजू वर आलेली नसते, त्याची तयारी ठेवा.

चढाला पाय वर ओढून फुकटची ताकद मिळते असं ऐकून कुणी घेत असेल तर तेवढ्यासाठी घेऊ नका. खरा फायदा खडबडीत उतारावर आहे, चाळकेवाडीच्या सुट्या दगडांवर सायकल नाचते तेव्हा पाय पेडलवरून उडत नाही आणि डोकं मोकळं राहतं रस्ता बघायला. ज्याला अजून अशा जागी सायकल आवरता येत नाही त्याने आधी चांगल्या पिनांच्या फ्लॅट पेडलवर वर्षभर चालवावी. आणि कुठलंही पेडल असो, कासला फुलांच्या पठारावर सायकल घालू नका, रस्त्यावरच राहा, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि तिथला मातीचा थर अगदी पातळ आहे.

बसवताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि ग्रीस न लावता बसवलं तर एका पावसाळ्यात असं धरतं की निघता निघत नाही. धुताना पाण्याचा जोराचा फवारा दांड्याच्या सीलवर मारू नका, पुसून स्प्रिंगवर चेनच्या तेलाचा एखादा थेंब सोडा. क्लीटची एक जोडी आणि दोन जादा बोल्ट घरात घेऊन ठेवा, सायकलच्या दुकानात ऐनवेळी मिळतीलच असं नाही, आणि एक बोल्ट तर सीटखालच्या पिशवीत कायमचाच असू दे.