जुळे सोलापुरात घर विकताय? चेकवर साठेखत (घर विकण्याचा आगाऊ करार) करू नका

घरचे म्हणतात, हे कुठे लिहू नका, लोक हसतील. हसू द्या. या उन्हाळ्यात माझे ३,९०,००० रुपये गेले आणि घर अजून तसंच पडून आहे. गंडा घालणारे मात्र मोकळे फिरतायत, त्यामुळे लिहिणं भाग आहे.

सोलापुरात घरांचा बाजार कसा चालतो हे इथल्यांना सांगायला नको. पाडव्यापासून चौकशा, अक्षय तृतीयेला टोकन, मे महिन्यात पुण्याहून सुट्टीला आलेली मंडळी घरं बघत फिरणार आणि शाळा उघडायच्या आत प्रत्येकाला ताबा पाहिजे. देणाऱ्यालाही घाई, घेणाऱ्यालाही घाई. या घाईवरच या गंडा घालणाऱ्यांची पोटं भरतात.

आमचं रो हाऊस जुळे सोलापुरात. मुलगा पुण्यात, हिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून विकायला काढलं. अपेक्षा ४८,००,००० ची. एजंटाने सुरुवातीलाच २५,००० घेतले, "जाहिरातीला लागतात की ओ काका." व्यवहाराआधी पैसे मागणाऱ्या एजंटाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

एप्रिलमध्ये एक शिक्षक जोडपं येऊन गेलं होतं. ४६,००,००० पर्यंत तयार होते. पण त्या बाईंनी टाकीचं झाकण काढून आत डोकावून बघितलं. बोअर किती फुटांची, मे महिन्यात मोटर किती वेळ चालते, नळ किती दिवसांआड येतो, रात्री येतो की पहाटे, सगळं खोदून खोदून विचारलं. वर गच्चीला ओल आहे का म्हणून भिंतीवर हात फिरवून बघितला. मला तेव्हा त्यांचा रागच आला. घर घ्यायचंय की तपासणी करायचीय, असं मनात म्हटलं.

मग हा आला. पस्तिशीच्या आतला, पांढरी गाडी, वाकून नमस्कार. पुण्यात आयटीत आहे म्हणाला, आई-वडिलांसाठी गावात घर हवंय. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. बाहेर ऊन त्रेचाळीसच्या पुढे, उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड, गल्लीत टँकर उभा. आणि सोलापुरात घर घ्यायला आलेला माणूस पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही! एक नळ सोडून बघितला नाही. गच्चीवर गेला नाही. विचारलं काय, तर उताऱ्यावर नावं किती आणि घरावर बोजा आहे का. त्याला घरात राहायचंच नव्हतं, मग पाणी कशाला विचारेल? त्याला कागद स्वच्छ हवा होता, कारण अडकवायचा कागदच होता. मी मात्र हिला म्हणालो, "बघ, शिकलेला माणूस कसा कागदाचं विचारतो." ते वाक्य ही मला अजून जेवताना ऐकवते.

४८ च्या खाली त्याने रुपया मागितला नाही. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजा आणि निरोप द्या. तिथेच मोबाईलवरून ५१,००० पाठवले. दोन दिवसांत १,५०,००० रोख घेऊन आला. ते कागदावर नकोत, खरेदी ४६,५०,००० ची दाखवू, म्हणाला. यावरून मला कोणी शहाणपण शिकवू नये. घराच्या व्यवहारात थोडं वर-खाली करत नाही असा माणूस मला दाखवा. पण जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे, आणि दंड बसतो तो रोख घेणाऱ्याला, जेवढी रक्कम तेवढाच. हे त्याला पाठ होतं.

पुढचा डाव साठेखताचा. "काका, बँक रजिस्टर साठेखताशिवाय लोनची फाइल घेत नाही." हे खोटं नाही, बँका मागतातच. खर्च सगळा तोच करणार म्हणाला. मसुदा त्याच्याच वकिलाचा. त्यात लिहिलेलं: ५१,००० मिळाले, ५,००,००० चे दोन चेक मिळाले, उरलेले ३५,९९,००० कर्जातून. चेकच्या ओळीपुढेच ते ठरलेलं वाक्य, 'सदर रक्कम भरून पावलो, याबाबत तक्रार नाही.' दोन्ही चेक पुढच्या तारखांचे. म्हणजे न मिळालेले १०,००,००० मी सरकारी कागदावर मिळाले म्हणून लिहून दिले. चेक वटला नाही तर साठेखत रद्द समजावं, एवढी एक ओळ घाला म्हणून हट्ट धरा. समोरचा कुरकुरला तर तिथून उठा.

नोंदणीच्या दिवशी सर्व्हर डाऊन. सकाळी गेलेले आम्ही दुपारपर्यंत ताटकळत, पंखा गरम हवा फेकतोय, हिला चक्कर यायला लागलेली. नंबर आल्यावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं, आणि तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पैसे मिळाले? व्यवहार मान्य?" गिऱ्हाइकाने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी "हो" म्हणालो. त्या गर्दीत, त्या उकाड्यात तुम्ही काय म्हणाला असता?

पहिला चेक परत आला, पेमेंट थांबवलं म्हणून. फोन केला तर "बँकेचा गोंधळ आहे, परत टाका." परत टाकला, परत आला. दुसराही तसाच. अशा गोड बोलण्यावर दिवस घालवू नका. बँकेचा चेक परतीचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मग त्याला पंधरा दिवस, नंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. आमच्या वकिलांनी नोटीस वेळेत पाठवली, पण तो उत्तरात उलटाच उखडला: व्यवहार तुम्ही पूर्ण करत नाही, म्हणून पेमेंट थांबवलं.

मी शिक्षक जोडप्याला परत फोन केला. बिचारे तयार झाले. त्यांच्या बँकेच्या वकिलाने सर्च घेतला, म्हणजे घराचे नोंदलेले जुने दस्त तपासले, आणि आमच्या घरावर नोंदलेलं साठेखत समोर आलं. संपलं. त्यांनी दुसरीकडे घर घेतलं.

तेव्हा याचा खरा फोन आला. "साठेखताची मुदत संपल्यापासून तीन वर्षं दावा करायला वेळ आहे मला. तोवर विकून दाखवा. नाहीतर साठेखत मोडल्याचा रद्द लेख करू, ४,००,००० द्या. आणि रोख घेतलेत ते इन्कम टॅक्सला कळवू का?"

आता सरकारी मदतीची कथा ऐका. पोलिस ठाण्यात साहेबांनी साठेखत चाळलं. "काका, सही तुमची, अंगठा तुमचा, फोटो तुमचा. फसवणूक कुठाय यात? दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जावा." मी म्हणालो, पूर्वीचं चारशेवीस, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. तर हसून म्हणाले, "अभ्यास करून आलाय की!" खंडणी मागितल्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणे तो त्याचे पैसे परत मागतोय. शेवटी अदखलपात्र नोंदीचा एक कागद हातात दिला, तोही दुसऱ्या दिवशी, कारण लिहिणारे बंदोबस्ताला गेलेले. नोंदणी कार्यालय म्हणतं, आम्ही दस्त नोंदवतो, पैसे दिले-घेतले ते बघत नाही, रद्द करायचं तर दोघं मिळून या. अहो, दोघं मिळून यायला तो माझा मेहुणा आहे का? मग तिथे अंगठा देताना पैसे मिळाले का म्हणून विचारता कशाला? ऑनलाइन तक्रार केली, तर आठवड्यात मेसेज, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कोणी काढली, कशी काढली, मला एक फोन नाही. बँक म्हणते खातं दुसऱ्या शाखेचं. सरकार माझ्याकडून घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर घेतं, एक महिना चुकला तर नोटीस लावतं, आणि माझ्याच घराचा कागद कोणी बळकावला तर सगळे एकमेकांच्या खिडकीकडे बोट दाखवतात.

त्यात एजंट मध्यस्थीला हजर. "काका, कोर्टात चपला झिजतील. सव्वातीनवर आणतो मी त्याला." कसा काय आणतो, हे मी त्याच दिवशी ओळखलं. पण जून निम्मा सरला होता, आणि दिवाणी दावा किती वर्षं चालेल हे वकीलही सांगेनात. सत्तरीला आलेल्या माणसाने किती तारखा बघायच्या? त्याचे २,०१,००० त्याला परत केले, वर ३,२५,००० रोख मोजले. वकिलांचे ४०,०००, एजंटाने आधी घेतलेले २५,०००. मिळवा बेरीज.

पैसे चेकने घ्यायचे असतील तर आधी खात्यात जमा होऊ द्या, मग सही. मसुदा तुमच्या वकिलाकडून. घेणाऱ्याच्या राहत्या पत्त्यावर जाऊन या. आम्ही नंतर गेलो तर आधारवरच्या घरात तो कधीच राहत नव्हता.

रद्द लेख झाला. त्यात लिहिलंय, दोघांनी राजीखुशीने व्यवहार रद्द केला, एकमेकांकडे काही येणं-देणं नाही. ३,२५,००० चा उल्लेख कुठेच नाही. तो कागद घेऊन मी परत ठाण्यात गेलो, एजंटाविरुद्ध तरी तक्रार घ्या म्हटलं. साहेबांनी शेवटची ओळ वाचली आणि कागद परत दिला. "राजीखुशीने लिहिलंय की काका. आता कसली तक्रार?"