तयार गेमिंग पीसी घ्यावा की पुण्याच्या तपकीर गल्लीत जमवावा

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो: आम्ही पार्ट घेऊन जमवला, दुकानाला पाचपैकी चार, आणि तरीही सगळ्यांनी हेच करा असं मी म्हणणार नाही. का ते जरा लांबड लावून सांगावं लागेल.

मशीन भाच्यासाठी. इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, गेम्स खेळतो, मधेमधे ब्लेंडरमध्ये (थ्रीडी बनवायचं सॉफ्टवेअर) काहीतरी करत बसतो, मॉनिटर १०८०पी (फुल एचडी), आणि मॉनिटर सोडून लाखाच्या आत बसवायचं हे ताईने बजावलेलं. आधी तयार डेस्कटॉप बघायला एका शोरूममध्ये गेलो. पाटीवर आय-फाइव्ह प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम सगळं ठळक, पण एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कुठला, किती वॅटचा हे विचारलं तर सेल्समन म्हणे "सर तो कंपनी फिटेडच येतो". मदरबोर्डचं मॉडेल? तेही कंपनी फिटेड. रॅमची एकच काडी आहे का दोन, हे तो आत जाऊन विचारून आला तेव्हा कळलं, एकच. म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसर आणि रॅममध्ये एकच वाट, आणि गेममध्ये मधेच जे अडकल्यासारखं होतं त्याला हे बऱ्यापैकी कारणीभूत असतं.

आता कंपनी फिटेडमध्ये गोम काय आहे ते सांगतो. बऱ्याच मोठ्या ब्रँडच्या डेस्कटॉपमध्ये बोर्ड त्यांच्या स्वतःच्या मापाचा असतो, एसएमपीएसही वेगळ्या आकाराचा आणि त्याचा कनेक्टरही बाजारातल्या साध्या एटीएक्स मापाला जुळत नाही. आज काही फरक पडत नाही, मशीन मस्त चालतं. तीन वर्षांनी मोठं कार्ड टाकायचं म्हटलं की एसएमपीएस बदलावा लागतो, तो बसत नाही, मग बोर्ड बदलायचा, मग तो त्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. शेवटी हातात प्रोसेसर आणि रॅम उरते. सगळेच असं करतात असं नाही, स्टँडर्ड पार्ट लावून तयार पीसी विकणारेही आहेत, पण घ्यायच्या आधी साइड पॅनल काढून दाखवा म्हणायचं. नाही म्हणाले तर समजून जायचं.

अजून एक लोचा नावांचा. ५०६० टीआय हे कार्ड एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी मेमरी अशा दोन प्रकारात येतं, आणि जाहिरातीत जीबी लिहिलेलंच नसेल तर बहुतेक आठचंच असणार असं धरून चालायचं. भाच्याला ब्लेंडर आहे म्हणून मला सोळाचं घ्यायचं होतं पण बजेटने नाही म्हटलं, साधं ५०६० घेतलं, ८ जीबी. १०८०पीला चालतंय, काही नव्या गेममध्ये टेक्श्चरची सेटिंग अल्ट्रावरून खाली आणावी लागते.

मग तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गाडी घेऊन जाऊ नका, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा, येताना सामान असेल तर रिक्षा करा. तिथे मी यादी घेऊनच गेलो होतो आणि दोन-तीन ठिकाणी कोटेशन घेतलं. यादी न घेता गेलात की "दादा हे घ्या, सगळे हेच नेतात" सुरू होतं आणि काचेचं कॅबिनेट, चार आरजीबी पंखे, रंगीत दिवे आणि त्याच्याआड कुठलातरी नाव न ऐकलेला एसएमपीएस गळ्यात पडतो. ज्या दुकानातून घेतलं (नाव देत नाही, उगाच जाहिरात नको) तिथल्या काकांनी मात्र कॅबिनेटचे पैसे कमी करा आणि एसएमपीएसला टाका असं स्वतःहून सांगितलं, तिथेच मला माणूस पटला. ६५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र). ५०६० स्वतः १४५ वॅट खातं, प्रोसेसर ६५ वॅटचा, म्हणजे एवढा लागत नाही, पण पुढच्या कार्डाची सोय झाली.

प्रोसेसर रायझन ५ ७६००. स्वस्तातलं ७५००एफ मिळत होतं पण त्यात डिस्प्ले देणारं ग्राफिक नसतं. ७६०० मध्ये अगदी किरकोळ का होईना आहे, आणि ग्राफिक कार्ड वॉरंटीला गेलं तर तेवढे दिवस मशीन बंद पडत नाही, पोराचे सबमिशन तरी होतात. शिवाय एएम५ सॉकेट (बोर्डावर हा प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने म्हटलंय, त्यामुळे बोर्ड तोच ठेवून पुढे प्रोसेसर बदलता येईल.

आता रॅम. इथे सगळं गणित उलटंपालटं झालंय. जमवलेला पीसी स्वस्त पडतो हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांना विकायचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. त्यामुळे जुन्या भावाने रॅम भरून ठेवलेला तयार पीसी शोरूममध्ये पडून असेल तर तो आपण जमवलेल्यापेक्षा स्वस्त पडू शकतो, खरंच. आमच्या बाबतीत जमवलेला जरासाच स्वस्त निघाला, आणि ओरिजिनल विंडोजचे पैसे धरले तर तो फरकही जवळजवळ संपलाच. दुकानदार "विंडोज टाकून देतो" म्हणतो ती बिनलायसन्सची कॉपी असते हे सगळ्यांना माहितीये, आम्ही नको म्हटलं.

म्हणजे पैसे वाचवायला म्हणून जमवू नका. पुढे एकेक पार्ट बदलता येतो आणि आत काय आहे ते कळतं, त्यासाठी जमवा. ज्याच्या घरात स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारं कोणी नाही त्याने सरळ तयार घ्यावा, एक फोन केला की माणूस घरी येतो. जमवलेल्यात प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, सर्व्हिस सेंटर वेगळं, आणि बिघाड नक्की कशात आहे हे आधी तुम्हीच शोधायचं.

जोडणी दुकानातच करून घेतली, समोर बसून, म्हणजे प्रत्येक खोकं आपल्यासमोर फुटतं. केबल नीट बांधल्या, पंखे बरोबर दिशेने लावले. एक स्टार कापला तो शेवटच्या कामासाठी: बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) एक्सपो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालूच केली नव्हती, त्यामुळे ६००० ची रॅम ४८०० ने चालत होती. घरी आल्यावर भाच्यानेच पाहिलं आणि दोन मिनिटांत चालू केली, पण ज्याला माहितीच नाही तो वर्षभर तसाच वापरेल. तसंच मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक कार्डाला लावायची आणि विंडोजमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ (चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं) निवडायचं, नाहीतर ते ६० वरच बसून राहतं.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर टाकून घ्या. आमच्या बिलावर आधी फक्त "कॉम्प्युटर १ नग" असं लिहिलं होतं, काकांना म्हटलं तर कुरकुर न करता परत काढून दिलं. आणि कोटेशन त्याच दिवसापुरतं धरा, आम्हाला दिलेला रॅमचा भाव दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात वाढला होता.